दख्खनचा उन्हाळा आणि कोंबडीच्या वाणांची तुलना

पूर्णा नदीवरील येलदरी येथे अडविलेले पाणी खाली येऊन सिद्धेश्वरच्या जलाशयात थांबते व तेथून कालव्यांनी शेतांकडे जाते. १९६८ साली पूर्ण झालेल्या या प्रकल्पामुळे परभणी, हिंगोली व नांदेड या भागांतील पिकांचे रूप पालटले. ऊस, केळी व हळद ही पिके कालव्याच्या आश्रयाने वाढली. कोरडवाहू रानात ज्वारी व कापूस यांच्या जोडीला पुढे सोयाबीन आले. परंतु धरणाने या मुलखाचा उन्हाळा पालटला नाही. औंढा नागनाथ तालुक्यातील या गावाच्या परिसरात मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ अंश सेल्सियसच्या पलीकडे जातो, हवा कोरडी असते, आणि परसातील कोंबडी भिंतीच्या कडेला किंवा लिंबाच्या बुंध्याशी माती उकरून, पंख अंगापासून सोडवून, चोच उघडी ठेवून बसते. पशुसंवर्धनाच्या इतिहासात जो प्रश्न शंभर वर्षे पुनःपुन्हा उपस्थित झाला त्याचे स्वरूप समजण्यास हे नित्याचे दृश्य पुरेसे आहे. कोणत्या वाणाची कोंबडी अधिक वेगाने वाढते, या प्रश्नाचे उत्तर ती कोठे व कोणत्या महिन्यात वाढविली यावाचून देता येते काय, हाच तो प्रश्न होय.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सामान्यतः ४१ ते ४२ अंशांच्या दरम्यान असते. तिला घर्मग्रंथी नसतात. अंगावर पिसांचे आवरण असते, आणि चरबीचा थर असल्यास तोही उष्णता आतच राखून ठेवतो. भोवतालची हवा शरीराइतकी तापली की उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग तिला उरतो. तो म्हणजे धापा टाकून श्वसनमार्गातील पाण्याचे बाष्पीभवन करणे. हा मार्ग खर्चाचा आहे. धापांबरोबर रक्तातील कर्बवायू प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्ताची आम्लता घटते, अंड्यांचे कवच पातळ होते. शिवाय धापा टाकण्याच्या श्रमानेही शरीरात उष्णता उत्पन्न होतेच. त्यामुळे पक्षी स्वतःच एक उपाय योजतो : तो खाणे कमी करतो. अन्न पचविताना व त्याचे मांस बनविताना जी उष्णता निर्माण होते ती अशा रीतीने टळते. उन्हाळ्यात वाढ खुंटते ती केवळ पक्षी दुबळा झाल्यामुळे नव्हे. वाढ रोखणे हीच त्याच्या जीवरक्षणाची रीत असते.

यावरून एक गोष्ट सहज निष्पन्न होते. ज्या वाणात वेगाने वाढण्याची शक्ती अधिक, त्याला आहारही अधिक लागतो, त्याच्या शरीरात उष्णताही अधिक निर्माण होते, आणि देह मोठा असल्याने वजनाच्या मानाने उष्णता सोडणारा पृष्ठभाग कमी पडतो. म्हणजे थंड हवेत जो गुण, तोच तप्त हवेत भार. हा सिद्धांत आज सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो ध्यानी येण्यास बराच काळ लागला.

भारतात परदेशी जातींच्या साहाय्याने गावठी कोंबडी सुधारण्याचे संघटित प्रयत्न विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाले. उत्तर प्रदेशातील एटा येथील अमेरिकन मिशनचे काम त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. गरीब, बहुधा भूमिहीन कुटुंबांना उत्पन्नाचे साधन मिळावे म्हणून तेथे परदेशी नर वाटण्यात आले. मुंबई इलाख्यात खडकीच्या सरकारी केंद्राने हेच धोरण चालविले. व्हाइट लेगहॉर्न व ऱ्होड आयलंड रेड या दोन जातींवर सर्वत्र भर होता. एक भूमध्य सागराकाठच्या इटलीतून अमेरिकेत जाऊन घडलेली, हलक्या अंगाची व अंड्यांसाठी निवडलेली. दुसरी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर सिद्ध झालेली, जड व दुहेरी उपयोगाची. लेगहॉर्न भारतात पुढे रुजली यामागे तिच्या अंड्यांची संख्या हे कारण सांगितले जाते व ते खरेही आहे. परंतु तिचा लहान देह, मोठा तुरा व पांढरी पिसे या गोष्टीही उन्हात तिच्या पथ्यावर पडणाऱ्या आहेत. तुऱ्यातून व गलोलांतून रक्त खेळते आणि उष्णता हवेत सुटते.

त्या काळी वाणांची तुलना फार काळजीपूर्वक होत होती असे म्हणता येत नाही. होण्यास अवसरही नव्हता. १९२७ साली कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळलेल्या व त्याच गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाने, ज्याला महाराष्ट्रातील खेड्यांत ‘मानमोडी’ म्हणतात, कळपच्या कळप साफ होत असत. सर्व जातींची पिल्ले सारखीच मरत असताना कोणती अधिक वाढली हे कोण मोजणार? १९४० च्या दशकात मुक्तेश्वर येथील संशोधनातून या रोगावरची लस सिद्ध झाल्यानंतरच वाणांच्या वाढीची तुलना हा विषय भारतात अर्थपूर्ण ठरला. या लशीचे श्रेय सांगताना मृत्यू टळल्याचे सांगितले जाते. मोजमाप शक्य झाले, हेही सांगावयास हवे.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६–६१) केंद्र सरकारने प्रादेशिक कुक्कुटपालन केंद्रे उभारली. त्यांसाठी दिल्ली, मुंबई, बंगळूर, भुवनेश्वर व सिमला ही स्थाने निवडली गेली. नकाशावर पाहिल्यास ही निवड समतोल दिसते. पण उष्णतेच्या दृष्टीने पाहिल्यास चित्र निराळे आहे. सिमला डोंगरावर, बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर, समशीतोष्ण, मुंबई व भुवनेश्वर दमट हवेची. उरली दिल्ली, जिचा उन्हाळा कडक व कोरडा, पण हिवाळाही तितकाच कडक. मराठवाडा, विदर्भ, तेलंगण व उत्तर कर्नाटक मिळून जो विस्तीर्ण तप्त पठारी प्रदेश होतो, त्याच्या मधोमध यांपैकी एकही केंद्र नव्हते. मुंबईतील केंद्र गोरेगावच्या आरे वसाहतीत होते. राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तेव्हा सर्वांत जवळचा शास्त्रीय निकष त्याला लाभला तो समुद्रकाठच्या हवेतला.

हा भेद किरकोळ नव्हे. मुंबईत तापमान मराठवाड्याहून कमी असते. पण हवा बाष्पाने भरलेली असल्याने धापा टाकून होणारे बाष्पीभवन मंदावते आणि रात्रही उबदारच राहते. सिद्धेश्वरच्या परिसरात दुपार भाजून काढणारी असली, तरी हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जलद होते. पाणी मिळाले तर पक्षी तग धरतो. शिवाय पहाटेपर्यंत पारा पंधरा-एक अंश उतरतो. दुपारी चोच न हलविणारी कोंबडी पहाटे व सायंकाळी चरून दिवसाची तूट काही अंशी भरून काढते. प्रयोगशाळेतील अहोरात्र एकाच तापमानाची खोली आणि मराठवाड्यातील चढउताराचा दिवस यांतील निष्कर्ष जुळत नाहीत याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. ‘उष्ण’ व ‘उष्ण-कोरडा’ हे दोन शब्द सरकारी परिपत्रकांत जितके जवळ असतात तितके पक्ष्याच्या शरीरात नसतात.

तुलनेची पद्धत मात्र याच काळात पुष्कळ सुधारली. स्वतःची निवडक पिल्ले पाठवून स्पर्धेत बक्षीस मिळविण्याची जुनी चाल मोडण्यासाठी यदृच्छ नमुना-चाचणीची कल्पना पुढे आली. हागेडोर्न या डच आनुवंशिकीतज्ज्ञाने ती मांडली, व १९४७ साली कॅलिफोर्नियात मोडेस्टो येथे ती प्रथम रीतसर अमलात आली. प्रत्येक उत्पादकाच्या कळपातून अंडी वाटेल तशी उचलावयाची, एकाच ठिकाणी उबवावयाची, सर्व पिल्लांना एकच खाद्य द्यावयाचे आणि मग वजन व अंडी मोजावयाची, अशी ही रीत. भारतातही पुढे मुंबई, बंगळूर आदि ठिकाणी अशा चाचण्या सुरू झाल्या. या रीतीने विक्रेत्याचा पक्षपात नाहीसा झाला हे निःसंशय. परंतु ‘एकाच ठिकाणी’ या शब्दांत जो दुसरा पक्षपात दडला होता तो तसाच राहिला.

तो उघड करण्याचे काम आनुवंशिकीच्या तात्त्विक बाजूने झाले. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४६ मध्ये निसर्गदत्त गुण व परिस्थिती यांच्या परस्परक्रियेवर एक निबंध लिहिला. दोन वंश व दोन परिस्थिती घेतल्या तरी मिळणाऱ्या चार फलांचे क्रम चोवीस प्रकारांनी लागू शकतात. म्हणून ‘अमुक वंश श्रेष्ठ’ हे विधान परिस्थितीच्या उल्लेखावाचून अपुरे ठरते, असा त्यातील विचाराचा रोख. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे, म्हणजे वर सांगितलेल्या पाच केंद्रांपैकी एकाच्या शहरात, वारले. १९५२ मध्ये फाल्कनर यांनी याच विचाराला व्यवहारोपयोगी रूप दिले. एकच गुण दोन भिन्न परिस्थितींत मोजला तर तो दोन निराळे गुण समजावा, आणि त्या दोहोंत संबंध किती हे पाहावे, अशी त्यांची सूचना होती. बंगळूरमधील वाढ व परभणीकडील वाढ हे दोन गुण आहेत असे मानले की पहिल्यासाठी केलेली निवड दुसऱ्यासाठी कितपत उपयोगी पडेल याचा हिशेब मांडता येतो. एरवी केवळ आशा बाळगता येते.

दरम्यान अमेरिकेत घडलेल्या घटनांनी या विचाराला मागे सारले. ‘उद्याची कोंबडी’ या नावाने तेथे राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. त्यांच्या अंतिम फेऱ्या १९४८ व १९५१ मध्ये पार पडल्या. रुंद छातीच्या, जलद वाढणाऱ्या मांसल पक्ष्यासाठी बक्षिसे ठेवली होती. कॅलिफोर्नियातील व्हँट्रेस यांचा कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांचा संकर त्यांत विजयी झाला, आणि शुद्ध जातींत आर्बर एकर्सची पांढरी प्लायमाउथ रॉक गाजली. त्यानंतर जे झाले त्याचे मोजमाप कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. १९५७ व १९७८ पासून निवड न करता जपून ठेवलेले दोन वाण आणि २००५ चा व्यापारी वाण यांना एकच खाद्य देऊन वाढविले असता ५६ व्या दिवशी सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ व ४,२०२ ग्रॅम भरली. पशुपैदाशीच्या इतिहासात याला तोड क्वचितच सापडेल. मात्र हे अंक नियंत्रित हवेच्या घरातले आहेत, हे त्यांच्या शेजारीच लिहून ठेवणे इष्ट.

भारतात ही लाट आली ती पुणे व हैदराबाद यांच्या मार्गाने. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली स्थापिलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजने परदेशी वंशांवर आधारलेले पक्षी गावोगावच्या शेडपर्यंत पोहोचविले. याच काळात मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ सोसला; त्याच वर्षी परभणी येथे कृषि विद्यापीठ स्थापन झाले. बंदिस्त शेडमधील पक्ष्यासाठी पंखे, फवारे, ओल्या जाळ्या, पत्र्यावर पांढरा चुना व वर पाचटाचे आच्छादन हे उपाय रूढ झाले. कोरड्या हवेत ओल्या जाळीने हवा चांगली थंड होते. कोकणापेक्षा मराठवाड्यात हा उपाय अधिक फळतो. त्याला अर्थात पाणी व वीज लागते, आणि ज्या आठवड्यांत त्यांची गरज सर्वांत अधिक त्याच आठवड्यांत त्यांचा तुटवडाही अधिक. जून उजाडेपर्यंत शेडमधील मालक कमी पक्षी भरतो किंवा मुळीच भरत नाही, हा त्याचा हिशेबीपणा आहे. त्याला मागासलेपण म्हणणाऱ्यांनी मे महिन्यातील मरतुकीचे आकडे पाहावेत.

थंड हवेत पुढे असलेला वाण उष्णतेत किती मागे पडतो याची पद्धतशीर तपासणी मुख्यतः इस्रायल व तुर्कस्तान या देशांतून झाली. इस्रायलमधील काहानेर व त्यांचे सहकारी यांच्या १९९० च्या दशकातील प्रयोगांत असे दिसले की सुमारे ३२ अंशांच्या सतत उष्णतेत जलद वाढणाऱ्या वाणांचे वजन मंद वाढणाऱ्यांच्या मानाने अधिक घटते. दोघांतील अंतर आकसते. याच संदर्भात उघड्या मानेच्या कोंबडीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले. मानेवर पिसे नसणे हा गुण एका प्रभावी जनुकाने येतो हे १९१४ पासून माहीत होते. हा जनुक एका पालकाकडून आला तर अंगावरील पिसांचा भार सुमारे २० टक्के, दोघांकडून आला तर सुमारे ४० टक्के घटतो. पिसे बनविण्यात खर्ची पडणारी प्रथिने वाचतात आणि उघड्या त्वचेतून उष्णता सुटते. इझमीर येथे उन्हाळ्यात वाढविलेल्या मांसल पक्ष्यांत हा लाभ स्पष्ट दिसला. थंड हवेत तो जवळजवळ नाहीसा होतो. २०११ साली एडिंबरो येथील संशोधकांनी या गुणाचे मूळ तिसऱ्या गुणसूत्रावरील बीएमपी १२ या जनुकाच्या नियंत्रणात असल्याचे दाखविले. भारतात केरळपासून अंदमानपर्यंत असे पक्षी परसात वावरत आलेले आहेत. ग्राहकाच्या डोळ्याला ते रोगट वाटतात, एवढाच त्यांचा अपराध.

बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९७९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने देशी रक्ताचा उपयोग करून घेण्याचा जो उपक्रम केला तो या इतिहासात फार मोलाचा ठरतो. संस्थेच्या ‘कारी रेड’ या वाणाशी चार निरनिराळ्या देशी पक्ष्यांचे संकर करण्यात आले. असीलपासून ‘निर्भीक’, कडकनाथपासून ‘श्यामा’, उघड्या मानेच्या कोंबडीपासून ‘हितकारी’ आणि कुरळ्या पिसांच्या कोंबडीपासून ‘उपकारी’ हे ते चार संकर. २० आठवड्यांच्या वयाला त्यांची वजने अनुक्रमे १,८४७, १,१२०, १,७५६ व १,६८८ ग्रॅम अशी संस्थेने दिली आहेत. शुद्ध कडकनाथ त्या वयाला ९२० ग्रॅम व शुद्ध असील १,२२० ग्रॅम भरतो. नुसत्या वजनाने पाहिले तर निर्भीक पहिला. परंतु हितकारी त्याच्या मागे अवघ्या ९१ ग्रॅमने आहे, आणि त्याचा खास गुण इज्जतनगरच्या हिवाळ्यात निद्रिस्त राहणारा आहे. सिद्धेश्वरच्या उन्हाळ्यात हे ९१ ग्रॅम कोणाच्या बाजूला पडतील हे तराजू तेथे नेल्याखेरीज ठरत नाही.

दख्खनच्या पठारावरील कुटुंबांपर्यंत जे सुधारित पक्षी अधिक प्रमाणात आले ते मात्र जवळच्या संस्थांचे : बंगळूरच्या कृषि विज्ञान विद्यापीठाची १९८९ ची ‘गिरिराजा’, आणि हैदराबादच्या राजेंद्रनगर येथील कुक्कुट प्रकल्प संचालनालयाची ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’. १९८८ साली स्थापन झालेले हे संचालनालय २०१३ पासून कुक्कुट संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. राजेंद्रनगरची हवा मराठवाड्याच्या हवेला बरीच जवळची आहे, ही गोष्ट वनराजाच्या बाजूने सांगता येते. रंगीत पिसारा, उंच पाय व चरून पोट भरण्याची क्षमता हे त्याचे विशेष. रंगामुळे तो बाजारात गावरान पक्ष्याच्या पंक्तीस बसतो, आणि घारीच्या नजरेतूनही काहीसा सुटतो. उदयपूरच्या विद्यापीठाने मेवाडी कोंबडीच्या रक्तातून सिद्ध केलेला ‘प्रतापधन’ हाही याच विचाराचा. उष्ण-कोरड्या प्रदेशातील पक्षी त्या प्रदेशातच घडवावा, हे सूत्र त्यात अधिक स्पष्ट दिसते.

तरीही वजनाच्या कोष्टकात एक खोट राहतेच, आणि ती खेड्यातील स्त्रीला, जिच्या हाती हा व्यवसाय बहुशः असतो, शास्त्रज्ञाहून लवकर उमगते. सरासरी वजन जिवंत पक्ष्यांचे असते. समजा, एका घरी दोन वाणांची दहा-दहा पिल्ले दिली. पहिल्यातील पाच जगून प्रत्येकी २ किलो भरली, दुसऱ्यातील नऊ जगून प्रत्येकी १,२०० ग्रॅम भरली. कोष्टकात पहिला वाण पुष्कळ पुढे. घरात मात्र पहिल्याचे १० किलो आणि दुसऱ्याचे १० किलो ८०० ग्रॅम. शिवाय गावरान कोंबडी खुडूक होते, डालग्याखाली अंड्यांवर बसते आणि पुढची पिढी स्वतःच उभी करते. वर्षाला साठ-सत्तर अंडी देणारी म्हणून तिची हेटाळणी होते, पण त्या अंड्यांतील काही पुन्हा पिल्ले होतात. सुधारित संकर सहसा खुडूक होत नाही, आणि त्याची संतती त्याच्यासारखी निपजत नाही. प्रत्येक खेपेस उबवणी केंद्राकडे हात पसरावा लागतो. वाढीच्या तुलनेत या परावलंबनाचा रकाना कोठेच नसतो.

यामुळे सुधारित पक्षी टाकाऊ ठरतो असे नव्हे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मिळून ८५ कोटी १८ लाख भरले. त्यांतील ३१ कोटी ७१ लाख परसातले होते, आणि परसातील ही संख्या २०१२ च्या मानाने सुमारे ४६ टक्के वाढलेली होती. ही वाढ केवळ गावरान कोंबडीच्या खुडूकपणाने झालेली नाही. तीत वाटप केलेल्या सुधारित पिल्लांचा वाटा आहेच. प्रश्न वाटपाच्या रीतीचा आहे. वनराजाची पिल्ले पहिले चार ते सहा आठवडे ऊब, लस व पोषक खाद्य देऊन सांभाळावीत व मगच परसात सोडावीत, अशी संचालनालयाची शिफारस आहे. ती पाळली आणि पिल्लांची खेप पावसाळा सरता सरता आली, तर पुढील मार्च उजाडेपर्यंत नर विक्रीच्या वजनाचे होतात व तलंगा अंड्यांवर येतात. तीच खेप आर्थिक वर्ष संपण्याच्या घाईत मार्चअखेर आली, तर सहा आठवड्यांचे पिल्लू नेमके मेच्या मध्यावर उन्हात उतरते. ज्या वयात त्याची भूक सर्वांत मोठी त्याच वयात त्याला उपाशी बसावे लागते. एकच वाण, एकच गाव, एकच घर. तरी ऑक्टोबरमध्ये घेतलेली वजने आणि जूनमध्ये घेतलेली वजने शेजारी ठेवली तर ती दोन निराळ्या जातींची वाटावीत इतकी भिन्न येतात.